कुमुदकाकूंच्या गॅरेजमध्ये काळा रंग नव्हता

ड्रायरमध्ये लिंट साठतं ना, तसे किस्से साठतात. दर धुण्याला चिमूटभर मऊ कापूस. आपण म्हणतो, काढू उद्या. मग एक दिवस शेजारीण सांगते, "अगं, ते काढलं नाही तर पेटतं!" तेव्हापासून ड्रायर थांबला की मी आधी जाळी साफ करते, मग कपडे काढते. आणि खोलीबाहेर पडले की परत मागं जाऊन बघते, जाळी खरंच रिकामी आहे ना!

कुमुदकाकूंच्या गॅरेजमधले किस्से माझ्याकडं दोन वर्षं असेच साठलेत. बरेचसे मैत्रिणींना सांगून झालेत. एक मात्र मी कुणालाच सांगितलेला नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. आता काकूंच्या लेकीचा, लीनाताईचा फोन आला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर काहीतरी यायला पाहिजे म्हणून. ती जन्मापासून इथलीच, अमेरिकेतली, मराठी बोलते ते मध्येच इंग्लिशवर उडी मारून. "अश्विनी, यू राईट इट. तू तिथे सगळ्यात जास्त बसलीस."

मी म्हटलं, "ताई, माझी सातवीपर्यंत शाळा. आमच्याकडं चित्रकलेच्या तासाला गुरुजी गणित घ्यायचे!"

ती म्हणाली, "पर्फेक्ट."

तर लिहितेय. म्हणजे तो न सांगितलेलाही येणार.

* * *

काकू सत्तरीच्या पुढच्या. लग्नाआधी मुंबईला चित्रं शिकल्या आणि लग्न होऊन डॉक्टरकाकांबरोबर इकडं आल्या. घर टेक्सासमधल्या फ्रिस्कोला. दोन गाड्यांचं गॅरेज, त्यात एकही गाडी नाही! भिंतीला टेकवलेली चित्रं, चित्रांना टेकवलेली चित्रं, आणि मधे काकू.

लीनाताई त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणते. मी एकदा काकूंनाच विचारलं, म्हणजे काय हो?

"वस्तू काढायची नाही, तिच्यावरचा उजेड काढायचा. आणि तो पळून जायच्या आत काढायचा."

"म्हणजे ओवीला जेवू घालण्यासारखंच की!"

ओवी माझी लेक. तेव्हा वर्षाची होती. एक घास तोंडात की सोफ्याखाली पसार.

* * *

आमची ओळख झाली ती अर्विंगच्या देशी दुकानात. आम्ही राहायला तिथं जवळच. आमचे हे तिथल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळतात. त्या दिवशी ते सामान घेत होते आणि मी खिडकीपाशी तांदळाच्या पोत्यावर बसून ओवीला केळं भरवत होते.

एकदम मागून आवाज आला. "हलू नको!"

मी गारठले. टेक्सासला विंचू निघतात हे मी येण्याआधीच ऐकलं होतं. रोज बूट झटकून घालायचे, पोरीचं पांघरूण दोनदा झाडायचं. आणि हा आता पाठीवरच! ओवीला घट्ट धरलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "कुठंय? केवढाय?"

"खांद्यापासून कोपरापर्यंत!"

एवढा मोठा? एक डोळा उघडून बघते तर पांढऱ्या केसांची एक बाई सामानाच्या बिलामागं पेनानं भराभर काहीतरी ओढतेय.

"काय आहे माझ्या खांद्यावर?"

"उजेड."

"अहो, मला वाटलं विंचू!"

"मग विंचू आहेच असं समज. चेहरा फार छान झालाय."

* * *

मग चित्राला बसवायला दर शनिवारी काकू आम्हाला न्यायला यायच्या. मला गाडी येत नाही. पण काकूंच्या गाडीत बसल्यावर कळलं की येण्यापेक्षा न येणं बरं.

इकडचे हायवे तुम्हाला माहिती आहेत. एकावर एक पूल, खाली बघवत नाही. ओवी मागं कारसीटमध्ये, मी तिच्या शेजारी, तिच्या पट्ट्यावर हात. काकू सत्तर मैलांच्या स्पीडनं, आणि बघतायत वर!

"अश्विनी, ते ढग बघ. खालून चक्क जांभळे!"

"काकू, रस्ता!"

"रस्ता काय, रोजचाच आहे."

एकदा तर आमच्या पुढं लाल ट्रक होता. काकू त्याच्या मागंच लागल्या. तो लेन बदलेल तिकडं ह्या. आमचं एक्झिट गेलं, पुढचंही गेलं. शेवटी मी रडवेली होऊन विचारलं, "काकू, तुमच्या ओळखीचा आहे का तो?"

"नाही गं. त्याच्या लालमध्ये थोडा निळा आहे. एवढं बघून घेते, मग वळू."

घरी पोचल्यावर डॉक्टरकाका दारात. ते रिटायर्ड, ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. काकू कशी गाडी चालवतात ते त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू तरी मागं बसतेस. मी इतकी वर्षं पुढं बसलोय, तेही भूल न घेता!"

* * *

गॅरेजमध्ये दार उघडं टाकून सकाळी नऊ ते साडेदहा एवढंच काम. साडेदहाला ओकच्या झाडाची सावली खुर्चीवर आली की काकू ब्रश खाली ठेवायच्या. अर्धा हात रंगवायचा राहिला तरी! "आजचा उजेड संपला. उद्याचा वेगळा असतो." मग तोच हात पुढच्या शनिवारी.

मी खुर्चीत, ओवी मांडीवर, तिच्या वाटीत ब्लूबेरी. ती हलायची. काकूंना ते चालायचं. मी हललेलं मात्र चालायचं नाही! डॉक्टरकाका कॉफी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मी आयुष्यभर माणसं झोपवून गप्प पाडली. हिला जागं राहून गप्प बसणारं माणूस पाहिजे. अश्विनी, तुझं काम माझ्यापेक्षा अवघड."

पहिल्याच दिवशी मी उठून चित्र बघितलं तर काय! ओवीचा गाल हिरवा!

"काकू, हिचं तोंड हिरवं का?"

"कारण ते हिरवं आहे. गवताचा उजेड खालून लागतोय."

मी घरी आले. ओवीला खिडकीपाशी नेऊन बघितलं, बाथरूमच्या दिव्याखाली बघितलं, पांढऱ्या टॉवेलवर ठेवून बघितलं. जितकं बघावं तितकी हिरवट वाटायला लागली! काविळीचं ऐकलं होतं. पण हिरवं? शेवटी पोरांच्या दवाखान्यात नर्सलाइनला फोन लावला आणि येतं तेवढ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, बेबी ग्रीन.

नर्स घाबरली. ताप आहे का? नाही. उलटी? नाही. खातेय का? आत्ताच अख्खं केळं खाल्लं. "नेमकं कुठं हिरवं आहे?"

मी म्हटलं, "इन पेंटिंग."



* * *

काकूंच्या गॅरेजात काळा रंग नव्हता. ट्यूबच नव्हती. चाळीस वर्षांत एकही चित्र असं नाही की ज्यात काळा आहे. "सावली काळी नसते. केस काळे नसतात. तू बघत नाहीस म्हणून तुला काळं वाटतं. काळा लावला की त्या जागी उजेड मरतो."

आता तर मला वेडच लागलंय. दुकानाच्या पार्किंगमध्ये ट्रॉलीच्या सावलीत निळा शोधत उभी राहिले आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती ती माझ्यासाठी हे मला कळलंच नाही!

गॅरेजचं दार उघडं असल्यामुळं येणारे जाणारे डोकवायचे. एकदा पलीकडच्या गल्लीतले पाटणकरकाका आले. इंजिनियर होते, आता रिटायर. लेकानं नवीन घर घेतलं, त्याचं चित्र पाहिजे म्हणाले. काकू दोन सकाळी तिथं फुटपाथवर बसून आल्या. इतकं सुंदर चित्र! घर असं सकाळच्या धुक्यातून नुकतं वर आल्यासारखं, सगळं गुलाबी आणि सोनेरी ठिपक्यांचं.

पाटणकरकाकांनी चष्मा वर केला, खाली केला. जवळ गेले, लांब गेले. मग म्हणाले, "सुरेख. पण वहिनी, घराचा नंबर कुठंय?"

"नंबर मला दिसला नाही."

"अहो, दाराशेजारीच आहे, पितळी! आणि कितव्या खिडकीला जाळी आहे तेही कळत नाहीये."

काकू शांतपणे म्हणाल्या, "पत्र पाठवायचंय का तुम्हाला त्या घराला?"

* * *

इकडं वसंतात गारा पडतात. साध्या नाही, लिंबाएवढ्या! मोबाईलवर अलार्म वाजला की मी ओवीला घेऊन सरळ बाथटबमध्ये बसते, वर उशी धरून; चक्रीवादळात तीच जागा सुरक्षित म्हणतात. आमचे हे म्हणतात, "गारा आहेत, वादळ नाही." मी म्हणते, आधी गाराच येतात.

एका शनिवारी आम्ही काकूंकडं असताना पडल्या. डॉक्टरकाकांची नवीन गाडी बाहेर उभी, कारण गॅरेजात चित्रं! आवाज असा की पत्र्यावर कुणी बटाटे ओतावेत. काका दारात उभे. मी ओरडतेय, "काका, गाडी आत घ्या!" काकू ओरडतायत, "चित्रांवर आणलीस तर बघ!"

थांबल्यावर बाहेर जाऊन बघितलं. सगळं बॉनेट खळग्याखळग्यांचं, आणि प्रत्येक खळग्यात आभाळाचा एक एक तुकडा.

काकांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "कुमुद, ये बाहेर. देवानंसुद्धा तुझीच स्टाईल उचलली!"

आणि काकू खरंच ब्रश घेऊन बाहेर आल्या.

* * *

आता तिटेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझ्या आईनं गावाहून काजळाची डबी दिलीय. मी विमानाला निघाले तेव्हा तिनं माझ्या कानामागं तीट लावली होती. डॅलसला उतरेपर्यंत घामानं पुसून गेली. मी नंतर स्वतःला कधी लावली नाही. स्वतःला कोण लावतं? पण ओवीला रोज, उजव्या गालाच्या खाली, एक ठिपका.

लायब्ररीत पोरांना गोष्टी सांगतात, तिथं न्यायचे तिला. तिथली बाई फार मायाळू. ओवीला बघून म्हणाली, "ओह स्वीटी, यू गॉट समथिंग हिअर," आणि ओल्या कागदानं ठिपका पुसला. मी बाथरूममध्ये नेऊन परत लावला. तिनं परत पुसला. एका गोष्टीत तीन वेळा! तिसऱ्यांदा ती माझ्याकडं अशी बघायला लागली की ह्या मुलीला घरी आंघोळ घालतात की नाही. मी घाबरून हसले. इकडं पोरांच्या बाबतीत कुणी कुठं फोन करेल सांगता येत नाही.

मग दवाखान्यात नर्सनं डबी बघितली. म्हणाली, तुमच्याकडच्या काजळात शिसं असू शकतं, पोरीला लावायचं नाही. झालं! रात्रंदिवस माझ्या डोक्यात शिसं. लावावं तर शिसं, न लावावं तर नजर! शेवटी ठरवलं, लावायचं नाही. पण डबी पर्समध्ये राहिली. टाकवेना.

काकूंना हे सगळं सांगितलं, कानामागच्या तिटेसकट. त्या रंग कालवत होत्या. म्हणाल्या, "घामानं पुसली म्हणतेस? मग वाटेत कितीजणांची नजर लागली?"

मी म्हटलं, "थट्टा करू नका."

"नाही करत," म्हणाल्या. आणि खरंच नव्हत्या करत.

* * *

काकूंचे डोळे गेले ते एकदम नाही. आधी एक्झिट चुकायच्या ते ढगांमुळं. मग ढग नसतानाही चुकायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय, आणि तो मोठा होत जाणार. ज्याच्याकडं बघाल तेच दिसणार नाही, आजूबाजूचं दिसेल.

गाडी बंद झाली. काका आम्हाला आणायला यायला लागले. काकू मात्र नऊ वाजता गॅरेजात हजर. मान वाकडी करून, कोंबडी दाणे बघते ना, तसं चित्राकडं बघायच्या. मला रडू यायचं. त्या म्हणायच्या, "मधलंच गेलंय ना? नाहीतरी मधल्याकडं सगळेच बघतात. तू तोंड पाडू नको, तोंड पाडलं की गालावरचा उजेड बदलतो."

पण आम्हा दोघींचं, माझं आणि ओवीचं, जे मोठं चित्र चाललं होतं, ते त्यांचं शेवटचं, हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही. ते संपवायला त्यांना सगळा उन्हाळा लागला. लीनाताईनं तिच्या ओळखीच्या कॅरलबाईंना आणलं. त्या शहराच्या कला केंद्रात प्रदर्शनं भरवतात. कॅरलबाई गॅरेजात शिरल्या आणि दोन तास बाहेरच आल्या नाहीत. म्हणाल्या, ही बाई चाळीस वर्षं इथं होती आणि आम्हाला माहिती नाही? प्रदर्शन ठरलं! आयुष्यातलं पहिलं. आणि मधोमध आमचं चित्र.

काकूंनी शेवटचा ब्रश ठेवला त्या शनिवारी लीनाताईनं फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "किती गोड!" "गालच खावेसे वाटतात!" "नजर ना लगे!" शंभरावर माणसांनी बघितलं. मी मोजत होते.

रविवारी ओवीला ताप. एकशे तीन! अर्जंट केअरला नेलं. कानाचं इन्फेक्शन, गुलाबी औषध दिलं. सोमवारी ताप तसाच. मंगळवारी सकाळी मी डॉक्टरकाकांना फोन करून रडायलाच लागले. आमचे हे कामावर. काका येऊन आम्हाला त्यांच्या घरीच घेऊन गेले. कान बघितला, म्हणाले, "औषध बरोबर आहे, दोन दिवस लागतात. बस इथं, घाबरू नको."

घाबरू नको म्हटलं की मी जास्त घाबरते. खांद्यावर ओवी, तव्यासारखी तापलेली. फिरत फिरत गॅरेजात गेले. चित्र तिथंच, चित्र ठेवायच्या लाकडी घोड्यावर. त्यातली ओवी लखलखीत, गुबगुबीत, हसरी. आणि गालावर काही नाही!

काकू मागं होत्या. मी म्हटलं, "काकू, एक ठिपका लावा ना हिला. गालाखाली. काळा."

"नाही."

"एवढासाच."

"अश्विनी, इतक्या वर्षांत नाही लावला. शेवटच्या चित्रात लावू? आणि काळा आहे कुठं माझ्याकडं?" मग माझा चेहरा त्यांना कडेनं दिसला असावा, कारण आवाज उतरला. "बस. चहा टाकते."

त्या आत गेल्या. काका आत. गॅरेजात मी, खांद्यावर एक ओवी आणि समोर एक ओवी. खऱ्या ओवीला लावायला मनाई. पण चित्राला शिसं बाधत नाही ना!

मी डबी काढली, करंगळी बुडवली आणि टेकवली.

रंग ओला होता, लोण्यासारखा. करंगळी आत गेली!

* * *

बुधवारी ताप उतरला. आणि मला दुसरा चढला.

झोपेत सुद्धा तो ठिपका. चाळीस वर्षांचं काम, पहिलं प्रदर्शन, शेवटचं चित्र, आणि त्यावर मी करंगळी खुपसली! काकूंना सांगावं तर त्यांना ते नीट करता येणार नाही, आता तेवढं बारीक दिसतच नाही त्यांना. न सांगावं तर दुसरं कुणीतरी सांगेल. पुसायला जावं तर चित्रं केंद्रात गेली होती. आमचे हे विचारायचे, "काय झालंय तुला?" मी म्हणायचे, "गॅस बंद आहे का बघा."

निमंत्रणाचं कार्ड आलं, त्यावर आमचंच चित्र! कार्डावर ठिपका तिळाएवढा. बरं वाटलं, म्हटलं कुणाला दिसणार नाही. मग लीनाताईनं फोटो पाठवला, केंद्राच्या बाहेर बॅनर लागला होता. दोन मजली! त्याच्यावर ठिपका पुरीएवढा.

लीनाताई म्हणाली, "डिड यू नोटिस? आईने ब्लॅक वापरलाय! कॅरल इज गोइंग क्रेझी. म्हणते, ब्रशने नाही, बोटाने लावलाय. ठसा दिसतो. फिंगरप्रिंट!"

मी फोन ठेवला आणि करंगळी बघत बसले. माझे ठसे सरकारकडं आहेत! व्हिसाच्या वेळी दहाही बोटं दिलीत. करंगळीसुद्धा!

* * *

प्रदर्शनाचा दिवस. हॉल भरलेला. मंडळाची झाडून सगळी माणसं, आणि केंद्राची गोरी माणसं. पाटणकरकाका आपल्या लेकाच्या घरासमोर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला घराचा नंबर तोंडानं सांगत होते. ओवी डॉक्टरकाकांच्या कडेवर. मी समोशांचा ट्रे धरला होता, म्हणजे उजवी करंगळी ट्रेखाली राहील.

कॅरलबाई आमच्या चित्रासमोर उभ्या राहून बोलायला लागल्या. मला सगळं इंग्लिश कळत नाही, पण त्या दिवशी एकूण एक शब्द कळला. चाळीस वर्षं ह्या बाईनं काळ्याला हात लावला नाही, म्हणाल्या. सावलीतही उजेड शोधला. आणि शेवटच्या चित्रात, डोळे जाताना, आपल्याला सगळ्यात प्रिय गोष्टीवर, मुलाच्या चेहऱ्यावर, एकच काळा ठिपका. तोच ठिपका, जो तिच्या डोळ्याच्या मधोमध आहे. तो तिनं आपल्याला दाखवला. स्वतःच्या बोटानं.

कुणीतरी नाक ओढलं. लीनाताई ढसाढसा रडत होती. मी करंगळी ट्रेखाली आणखी आत ढकलली.

कॅरलबाईंनी वाकून काकूंना विचारलं, बरोबर सांगितलं ना मी?

काकू खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "यू स्पीक सो नाइस."

टाळ्या!

मला राहवेना. ट्रे टेबलावर टाकला आणि काकूंच्या खुर्चीपाशी जाऊन बसले. "काकू, तो ठिपका मी लावला. काजळ आहे ते. तुमचं चित्र मी घाण केलं. मी आत्ता सगळ्यांना सांगते."

काकूंनी मान वाकडी केली, कडेनं माझ्याकडं बघितलं. "मला माहितेय."

"कधीपासून?"

"चहा घेऊन आले तेव्हापासून. करंगळी ओढणीला पुसत होतीस. मला मधलं दिसत नाही गं, कडेचं सगळं दिसतं."

"मग तेव्हाच पुसला का नाही? ओला होता! एका फटक्यात निघाला असता!"

"ओवीचा ताप उतरला ना?"

"तो औषधानं उतरला. काका म्हणाले."

"काकांना चित्रातलं काय कळतंय?"

काकूंनी हात पुढं केला. "डबी आहे का पर्समध्ये?"

"आहे."

"आण. आणि मला उठव."

मी त्यांचं कोपर धरलं. लोक बाजूला झाले. चित्रापाशी पोचल्यावर काकूंनी मला खांद्याला धरून खिडकीकडं तोंड करून उभं केलं. बराच वेळ कडेनं माझ्याकडं बघत राहिल्या, मग चित्राकडं, मग परत माझ्याकडं. डबीत करंगळी बुडवली. हात वर गेला. ओवीच्या गालाच्या वर, त्याच्याही वर, मांडीवर तिला घेऊन बसलेल्या बाईच्या कानामागं.

"काकू, ओवी खाली आहे! ती मी..."

"हलू नको!"

मागं कॅरलबाई घाईघाईनं पर्समध्ये पेन शोधत होत्या.